खिशातल्या प्लेअरमध्ये तंबोरा खरा वाटतोय का? चोखंदळ कानांसाठी पहिल्या पायऱ्या

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतला एक पोरगा घरी आला. कोल्हापुरात शाहूपुरीत तबला शिकतो, कान तयार होऊ लागलाय. "काका, फोनवर तंबोरा पत्र्यासारखा वाजतोय बघा. पस्तीस हजारांचा म्युझिक प्लेअर बघून ठेवलाय. घेऊ काय?" मी त्याचे इअरफोन हातात घेतले, रबरी टिप काढून डबीतली एक नंबर मोठी टिप बसवली आणि म्हटलं, आता घाल कानात. तेच गाणं, तोच फोन. पाचेक सेकंदांत त्याच्या चेहऱ्यावर दिसलंच. डग्ग्याला पोट आलं होतं, तंबोऱ्याला अंग आलं होतं. एक पैसाही लागला नाही.

प्लेअरचा विचार त्याने सोडलेला नाही आणि सोडायचं कारणही नाही. पण आता तो क्रमाने चाललाय: आधी कान, मग इअरफोन, मग फाइल आणि सगळ्यात शेवटी प्लेअर. बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात, पैसे घालवतात आणि आवाज होता तिथेच राहतो. म्हणून तो क्रम इथे सविस्तर लिहितोय.

पायरी १: खरा आवाज कानात बसवा

प्लेअर चांगला की वाईट हे कशाशी ताडून ठरवणार? दुसऱ्या प्लेअरशी ताडलं तर फक्त वेगळेपण कळतं, खरेपण कळत नाही. त्यासाठी मूळ आवाज ओळखीचा हवा, आणि त्या बाबतीत कोल्हापूरकर नशीबवान आहेत. १८८३ पासूनची गायन समाज देवल क्लब ही संगीतसंस्था गावातच आहे. शाहू महाराजांच्या आश्रयाला इथे आलेले गवई अल्लादिया खाँसाहेब यांच्या गायकीची ओढ अजून शहरात टिकून आहे. मिरज रेल्वेने तासाभरावर. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. एखाद्या सकाळी मिरजेला जा, तंतुवाद्यं बनवणाऱ्या कारागिरांच्या गल्लीत थांबा आणि विनंती करून कुणी जवारी काढताना, म्हणजे तारेचा सूर फुलवताना, ऐका.

घोडीचा, म्हणजे तारांखालच्या छोट्या आधाराचा, माथा किंचित बाकदार असतो. तार त्यावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते. तारेखाली सुताचा धागा केसभर पुढे-मागे सरकवला की एका क्षणी मुकी वाटणारी तार फुलते आणि एका सुरातून वरचे सूर एकामागून एक निघू लागतात. धागा जरा हलला की फुललेलं पुन्हा मिटतं. हा फरक एकदा समोर बसून ऐकला की पुढे आयुष्यभर कामाला येतो. इअरफोनमधला तंबोरा "फुललेला" आहे की नुसता "झंकारतोय", हे तुम्हाला कुणाला विचारावं लागत नाही.

तंबोऱ्याबरोबर आणखी दोन आवाज लक्षात ठेवा. एक डग्ग्याचा घुमारा: मनगट दाबून सरकवल्यावर खाली-वर जाणारा तो सूर. दुसरा हलगीचा कडकडाट. खासबागेच्या मैदानात कुस्ती लागल्यावर हलगी जशी अंगावर येते, काडी कातड्यावर पडते तो क्षण सुरीसारखा असतो, त्याला पुढे-मागे काही चिकटलेलं नसतं. तंबोरा मधले आणि वरचे सूर तपासतो, डग्गा खालचे, हलगी वेग. जगभरातले लोक परीक्षेसाठी ठरावीक इंग्रजी गाणी लावतात. तुम्ही ती लावायची गरज नाही, कारण मूळ आवाज कसा होता हे तुम्हाला ठाऊक नाही.

एक कळकळीची सूचना. मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर तासभर उभं राहिल्यावर कानाला दडे बसतात. त्या अवस्थेत दोन दिवस कुठलाही प्लेअर पारखू नका, आणि शक्यतो त्या भिंतीपासून लांबच राहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सोसवतो. आवाज तीन डेसिबलने वाढला की ती मुदत निम्मी होते. गेलेलं ऐकू येणं परत येत नाही, आणि ते आधी वरच्या सुरांतून जातं, म्हणजे नेमकं जवारीतून.

पायरी २: इअरफोन आणि त्याची बसण

सगळ्या लेखातली सर्वात मोलाची पायरी हीच. दोन वेगवेगळ्या इअरफोनच्या आवाजात काही पट्ट्यांत पाच-दहा डेसिबलचा फरक सहज असतो. नीट बनवलेल्या दोन प्लेअरमध्ये तोच फरक डेसिबलच्या अंशात असतो. पैसे कुठे आधी घालायचे ते यातूनच ठरतं.

कानाच्या आत घालायच्या इअरफोनला हवाबंद बसण लागते. फट राहिली की खालचे सूर पळून जातात आणि वरचे तेवढे उरतात. त्यालाच आपण पत्र्यासारखा आवाज म्हणतो. तपासायची रीत सोपी आहे. डग्गा ठळक असलेली एखादी फाइल लावा आणि दोन्ही इअरफोन बोटाने हलकेच आत दाबा. दाबल्यावर घुमारा वाढला आणि सोडल्यावर कमी झाला, तर टिप लहान आहे. दोन्ही कानांना वेगळ्या मापाची टिप लागणं अगदी नेहमीचं आहे. घालताना दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढला की इअरफोन नीट आत जातो.

इथे कान थोडं फसवतातही. काळी एकमध्ये लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज साधारण ६९ हर्ट्झचा. मोबाइलचा इवलासा स्पीकर तो सूर काढूच शकत नाही, तरी आपल्याला खर्ज कळतो, कारण वरच्या सुरांवरून मेंदू खालचा सूर भरून काढतो. म्हणून खालच्या पट्टीची परीक्षा तंबोऱ्यावर घेऊ नका, डग्ग्यावर घ्या.

एका बाजूचा आवाज हळूहळू मंद होत गेला तर प्लेअरला दोष देण्याआधी इअरफोनच्या तोंडावरची बारीक जाळी उजेडात धरून बघा. कानातला मळ तिथे बसतो. मऊ कोरड्या ब्रशने, जाळी खाली धरून झाडा. पावसाळ्यात इअरफोन उघडे टाकू नका, डबीत सिलिका जेलची पुडी ठेवा. आपल्याकडच्या जून-जुलैच्या दमटपणात हे गरजेचंच आहे.

पायरी ३: फोनमधल्या करामती बंद

बास बूस्ट, थ्रीडी सराउंड, "क्लिअर व्हॉइस", ऑटो व्हॉल्यूम: सगळं बंद करा. इक्वलायझरही सपाट. पुढे इक्वलायझर वापरायला माझी काही हरकत नाही, उलट नीट वापरला तर तो फार उपयोगी आहे. फक्त एखादी पट्टी वाढवली की तेवढ्याच डेसिबलने एकूण पातळी, म्हणजे प्रीअँप, खाली घ्या. नाहीतर सम पडल्यावर आवाज फाटतो आणि दोष प्लेअरवर जातो.

पायरी ४: फाइल

सीडीवरचं संगीत १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ असतं. म्हणजे सेकंदाला १४११ किलोबिट. या मापाने सुमारे २२ हजार हर्ट्झपर्यंतचे सूर आणि ९६ डेसिबलचा चढउतार मावतो. माणसाचा तरुण, निरोगी कान २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो, चाळिशीनंतर पुष्कळ कमी. हीच सामग्री एकही बिट न गमावता घडी घालून ठेवायची तर फ्लॅक. २००१ पासूनचा हा फुकट आणि खुला प्रकार आहे आणि फाइल साधारण निम्म्या-साठ टक्क्यांवर येते. एमपी३ मात्र कानाला जाणवणार नाही असं वाटणारा भाग टाकून देतो. १२८ किलोबिटला तो पुष्कळ टाकतो. हलगीवर ते लगेच पकडता येतं: काडी पडायच्या क्षणभर आधीच एक पुसट फुसफुस ऐकू येते आणि धार बोथट होते. मैफलीतल्या टाळ्यांचा कडकडाटही अशा फाइलमध्ये पावसासारखा एकजीव होऊन जातो.

३२० किलोबिटचा नीट बनवलेला एमपी३ आणि फ्लॅक यांतला फरक मात्र डोळ्यांआड चाचणी घेतली की बहुतेकांना, मलाही, सापडत नाही. तरी मी साठा फ्लॅकमध्येच करतो. उद्या दुसऱ्या प्रकारात बदलायचं ठरलं तर फ्लॅकमधून काही न गमावता बदलता येतं, पण एमपी३ वरून दुसरा एमपी३ म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. जागेचा हिशोब असा: फ्लॅकचा एक तास म्हणजे साधारण ३५० एमबी, म्हणजे १२८ जीबीच्या कार्डावर साडेतीनशे तासांच्या आसपास संगीत.

घरात नाट्यसंगीताच्या, शास्त्रीय गाण्याच्या सीडी पडून असतील तर यूएसबीवर चालणारा सीडी ड्राइव्ह लावून त्या उतरवून घ्या. संगणकावर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा प्रोग्रॅम फुकट मिळतो. ओरखडे पडलेली जागा तो पुन्हा पुन्हा वाचतो आणि तुमची प्रत इतरांनी उतरवलेल्या प्रतींशी ताडून बघतो. घाईघाईत उतरवलेल्या सीडीत "टक्" असे आवाज राहतात आणि ते कायमचे राहतात.

इकडून तिकडून आलेल्या फ्लॅक फाइलवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. कुणीतरी १२८ चा एमपी३ फ्लॅकमध्ये गुंडाळलेला असतो. स्पेक नावाचा छोटा प्रोग्रॅम फाइलचा रंगीत आलेख दाखवतो. आलेख १६ हजार हर्ट्झच्या आसपास सुरीने कापल्यासारखा सरळ रेषेत संपत असेल तर संशय घ्या. जुन्या टेपवरचं ध्वनिमुद्रणही वर विरळ होत जातं, पण ते संध्याकाळच्या उजेडासारखं हळूहळू विरतं, कापल्यासारखं दिसत नाही.

आता हाय-रेझ, म्हणजे २४ बिट आणि ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झ. स्टुडिओत ध्वनिमुद्रण करताना २४ बिट फार कामाचे, कारण पातळी चुकली तरी सांभाळून घेता येतं. ऐकणाऱ्यासाठी १६ बिट पुरतात, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि आपल्या आवडीचं निम्मं संगीत तर जुनं आहे. केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर सोनेरी तबकडीवरून अंतराळात गेली. मुळात ते साडेतीन मिनिटांचं जुनं तबकडी-ध्वनिमुद्रण. त्या काळच्या यंत्रांनी वरचे सूर फारसे टिपलेच नाहीत, तर १९२ किलोहर्ट्झची फाइल ते आणणार कुठून? अशा जुन्या गाण्यांत शोधायची असते ती तबकडीवरून नीट उतरवून घेतलेली प्रत. खरखर काढून टाकायच्या हव्यासात पुष्कळ वेळा तंबोराच पुसला जातो आणि गळा पाण्याखालून आल्यासारखा वाटतो. दोन प्रती मिळाल्या तर थोडी खरखर राहिलेली प्रत ठेवा. खरखरीला कान दहा मिनिटांत सरावतो, पुसलेला तंबोरा काही परत येत नाही.

आणि कार्ड. २५६ जीबी लिहिलेलं मायक्रोएसडी कार्ड मी एका दुकानातून घेतलं होतं. पहिली काही गाणी नीट वाजली, पुढची नावं दिसायची पण आवाजच नाही. खोटं कार्ड होतं ते, आत जागा होती जेमतेम ३० जीबीची. तेव्हापासून नवं कार्ड आणलं की आधी एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ या प्रोग्रॅमने ते पूर्ण भरून वाचून बघतो. रात्री लावून झोपायचं, सकाळी निकाल. आणि संग्रहाची दुसरी प्रत घरातल्या डिस्कवर हवीच.

पायरी ५: खरंच वेगळा प्लेअर हवा का?

सोनीचा पहिला वॉकमन १९७९ चा, अॅपलचा आयपॉड २००१ चा. मे २०२२ मध्ये शेवटचा आयपॉडही बंद झाला, कारण फोनने ते काम गिळलं. तरी फिओ, हायबी, शानलिंग, सोनी, अॅस्टेल अँड कर्न यांचे प्लेअर आजही निघतात आणि विकले जातात. घ्यायची कारणं खरी आहेत: कार्डाची खाच, हेडफोनला पुरेसा जोर, खिशात हात घालून दाबता येतील अशी बटणं, आणि आलाप चालू असताना फोन न वाजणं. मला स्वतःला शेवटचं कारण सगळ्यांत मोठं वाटतं.

पण नव्याने सुरुवात करणाऱ्याने मधली पायरी गाळू नये: डोंगल. फोनच्या टाइप-सी खाचेत लावायची ती बोटभर तार. तिच्यातच डिजिटलचा आवाज करणारी चिप आणि छोटा अँप्लिफायर असतो. अॅपलचं टाइप-सीवालं डोंगल प्लेअरच्या मानाने अगदी स्वस्त आहे आणि मोजमापात भल्याभल्यांच्या पंक्तीला बसतं. अडचण एवढीच की बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज निम्म्यावरच अडकतो. अँड्रॉइडवाल्यांनी फिओसारख्यांचं साधं डोंगल घ्यावं. महिनाभर डोंगल वापरा. त्यात काय कमी पडतंय हे तुम्हाला एका वाक्यात सांगता आलं, तरच पुढे जा.

पायरी ६: प्लेअरमध्ये काय बघायचं

खोक्यावर चिपचं नाव मोठ्या अक्षरांत असतं. त्यावर जाऊ नका. एकाच चिपभोवती चांगलं सर्किट बांधता येतं आणि वाईटही, जसं एकाच गव्हाची पोळी दोन घरांत वेगळी होते. बघायच्या गोष्टी वेगळ्या आहेत.

सर्वांत आधी आउटपुट इम्पिडन्स. शब्द जड आहे, गोष्ट घरचीच. गच्चीवरच्या टाकीतून बारीक पाइप खाली आला असेल तर एक नळ सोडला की पाणी जोरात येतं, दोन-तीन सोडले की धार मंदावते. जाड पाइपला फरक पडत नाही. प्लेअरचा आउटपुट इम्पिडन्स म्हणजे त्या पाइपचा अरुंदपणा. इअरफोन हा असा नळ, जो प्रत्येक सुराला कमी-जास्त उघडतो. एकाच इअरफोनमध्ये अनेक आर्मेचर, म्हणजे आवाज काढणारे इवले भाग, असतील तर त्याचा इम्पिडन्स एका सुराला ८ ओहम आणि दुसऱ्याला ४० ओहम असू शकतो. आता हिशोब करा. प्लेअरचा आउटपुट १० ओहम असेल तर ८ ओहमच्या जागी व्होल्टेजचा ४४ टक्के भाग पोचतो, ४० ओहमच्या जागी ८० टक्के. हा ५ डेसिबलचा फरक झाला. म्हणजे सुरांचा तोलच बदलला, जणू कुणी न विचारता इक्वलायझर फिरवला. तोच प्लेअर १ ओहमचा असेल तर फरक ०.८ डेसिबलवर येतो. म्हणून ठोकताळा असा की प्लेअरचा आकडा इअरफोनच्या इम्पिडन्सच्या आठव्या भागापेक्षा कमी हवा. १ ओहम किंवा त्याखाली असला तर डोक्याला तापच नाही. "हा प्लेअर गरम वाजतो, तो थंड" असं लोक म्हणतात तेव्हा मागे अनेकदा एवढंच कारण असतं.

दुसरी गोष्ट सळसळ. काही इअरफोन इतके संवेदनशील असतात की १ व्होल्टला १२० डेसिबल देतात. प्लेअरच्या आतला गोंगाट १० मायक्रोव्होल्ट असेल तर अशा इअरफोनमध्ये तो २० डेसिबलचा होतो आणि रात्री शांत खोलीत आलापाच्या मागे ऐकू येतो. २ मायक्रोव्होल्ट असेल तर ६ डेसिबल, म्हणजे नसल्यात जमा. तपासताना गाणं नुसतं थांबवू नका, थांबवल्यावर पुष्कळ प्लेअर आउटपुटच बंद करतात आणि सगळं शांत वाटतं. संगणकावर ऑडॅसिटी या प्रोग्रॅममध्ये मिनिटभराची कोरी, निःशब्द फाइल बनवा आणि ती लावून ऐका. दिवसा महाद्वार रोडवर हे कळणार नाही, रात्री दोन वाजता घरी कळेल.

तिसरी गोष्ट जोर. इथे मोठ्या हेडफोनवाल्यांनी लक्ष द्यावं. सेनहायझरचा एचडी ६०० घ्या: ३०० ओहम, १ व्होल्टला ९७ डेसिबल. अर्धा व्होल्ट देणाऱ्या फोनवर किंवा डोंगलवर त्याचं शिखर ९१ डेसिबलला थांबतं. शास्त्रीय गाण्यात सरासरी पातळी शिखरापेक्षा २० डेसिबल खाली असणं काही नवल नाही, म्हणजे ऐकायला उरले ७१. विलंबित ख्याल लावला की आवाज पूर्ण चढवूनही "अजून थोडा हवा" असं वाटत राहतं. २ व्होल्ट देणारा प्लेअर यावर १२ डेसिबल वर नेतो आणि प्रश्न मिटतो. कानात घालायच्या इअरफोनला मात्र एवढा जोर लागतच नाही. ४.४ मिलिमीटरच्या बॅलन्स्ड जॅकची, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूच्या तारा पूर्ण वेगळ्या ठेवणाऱ्या खाचेची, फार चर्चा असते. त्याने व्होल्टेज जास्त मिळतं, जड हेडफोनला ते उपयोगी आहे. साध्या इअरफोनसाठी त्यावर वेगळे पैसे घालू नका.

चौथी गोष्ट आपल्या संगीतासाठी खास. एकाच रागाचे आलाप, बडा ख्याल, द्रुत असे सीडीवर तीन तुकडे केलेले असतात, पण तंबोरा सलग चालू असतो. प्लेअरला गॅपलेस, म्हणजे मध्ये खंड न पाडता, वाजवता येत नसेल तर तुकडा बदलताना अर्धा सेकंद तंबोरा गप्प होतो. बैठकीत दिवे गेल्यासारखं वाटतं ते. घेण्याआधी असा एक राग कार्डावर नेऊन बघा. त्याच कार्डावर देवनागरीत नावं दिलेल्या दोन-चार फाइलही ठेवा. अँड्रॉइड नसलेल्या बऱ्याच छोट्या प्लेअरवर "मारवा" च्या जागी चौकोन दिसतात किंवा वेलांट्या भलत्याच ठिकाणी जाऊन बसतात. पाचशे चौकोनांतून राग शोधणं रोजच्या वापरात फार जाचतं.

ब्लूटूथबद्दल थोडक्यात. ब्लूटूथवर आवाज घडी घालून पाठवायचे वेगवेगळे प्रकार आहेत: साधा एसबीसी साधारण ३२८ किलोबिटपर्यंत जातो, एलडीएसी ९९० पर्यंत. आयफोन एलडीएसी देत नाही, तिथे एएसी चालतो. फिरताना, एसटीत, रंकाळ्यावर चालताना ब्लूटूथ खुशाल वापरा. पण वायरलेस इअरफोनमध्ये चिप आणि अँप्लिफायर त्यांचे स्वतःचे असतात, तेव्हा महागड्या प्लेअरचा आवाज त्यात उतरत नाही. वायर लावणार नसाल तर वेगळ्या प्लेअरवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

पायरी ७: न्यायाची तुलना

जास्त मोठा आवाज माणसाला जास्त चांगला वाटतो. अर्धा-एक डेसिबल जास्त असला तरी तो "मोठा" म्हणून कळत नाही, "मोकळा", "स्वच्छ", "तपशीलवार" म्हणून कळतो. दोन प्लेअर आवाजाची पातळी न जुळवता ताडले तर निकाल पातळीचाच लागणार.

जुळवायला मल्टीमीटर लागतो. सर्वांत स्वस्त मीटरवर एसीची खालची पट्टी २०० व्होल्टची असते, तो चालत नाही. २ व्होल्टची किंवा मिलिव्होल्टची एसी पट्टी असलेला घ्या किंवा ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून दिवसभरासाठी आणा. ऑडॅसिटीत १०० हर्ट्झचा एकसुरी नाद बनवून दोन्ही प्लेअरवर ठेवा. हजार हर्ट्झचा नको, साधे मीटर तिथे चुकीचा आकडा दाखवतात. जॅकला वाय आकाराचा स्प्लिटर लावा, एका फाट्यावर नेहमीचे इअरफोन, दुसऱ्यावर जुन्या केबलच्या उघड्या तारा. इअरफोन लावलेलेच हवेत, म्हणजे पाइपच्या अरुंदपणाचा परिणामही मोजला जातो. नाद चालू असताना ते कानात मात्र नकोत. एकावर ८० मिलिव्होल्ट आले तर दुसऱ्यावरही ८० च्या जितकं जवळ जाता येईल तितकं जा. एका टक्क्याच्या आत आलात की पातळी ०.१ डेसिबलच्या आत जुळली.

मग घरातल्या कुणाला तरी नाणं घेऊन बसवा. छापा आला तर एक प्लेअर, काटा आला तर दुसरा. तुम्ही पाठ करून बसायचं, तीच वीस-तीस सेकंदांची जागा ऐकायची आणि सांगायचं. दहा वेळा. नुसत्या नशिबाने नऊ किंवा दहा बरोबर यायची शक्यता शंभरात एक. सहा-सात बरोबर आले तर ते नाण्याचंच काम आहे. आमच्या गल्लीतल्या पोराने डोंगल आणि एका मित्राकडून आणलेला तो पस्तीस हजारवाला प्लेअर असे ताडले. त्याच्या इअरफोनवर दहापैकी पाच. माझ्या अनेक आर्मेचरच्या संवेदनशील इअरफोनवर दहापैकी नऊ, कारण प्लेअरची सळसळ त्याला आलापाच्या सुरुवातीला स्पष्ट ऐकू आली. म्हणजे त्या जोडीला स्वस्त डोंगल सरस ठरलं, आणि हे त्याच्या कानांनी ठरवलं.

पायरी ८: विकत घेताना

ऑनलाइन घेणार असाल तर परत करायची मुदत आणि अटी आधी वाचा, खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा. वापरलेला घेणार असाल तर पूर्ण चार्ज करून सलग वाजवत ठेवा आणि किती तास चालतो ते लिहा. या प्लेअरची बॅटरी सहज बदलता येत नाही. कंपनीने सांगितलेल्या तासांच्या निम्म्यावर आली असेल तर तेवढी किंमत कमी करून मागा. आवाजाचं चाक असेल तर ते अगदी हळू फिरवून बघा, खरखर येता कामा नये. कमी आवाजात डावी-उजवी बाजू सारखी आहे ना हेही त्याच वेळी बघा.

पहिल्याच आठवड्यात तीन गोष्टी उरका: रात्री कोरी फाइल लावून सळसळ, तीन तुकड्यांतला एक राग लावून गॅपलेस, आणि नाणं घेऊन दहा वेळा डोंगलशी तुलना. परत करायची मुदत संपायला दोन दिवस राहिले असतील, तर तिसरी आधी करा.